निरंकरावांची ओळखखूण

आमच्या ओळखपत्र कार्यालयात माणसाला कायम व्हायचं असेल, तर त्याच्या अंगावर किमान एक ओळखखूण असावी लागते. हा नियम कुणी केला ते आता कुणालाच माहीत नाही, पण तो योग्य आहे यावर सगळ्यांचं एकमत आहे. लोकांना ओळख देणाऱ्या कार्यालयातला माणूस स्वतःच ओळखू येत नसेल, तर जनतेनं विश्वास ठेवायचा कुणावर? त्यामुळे आमच्याकडे हनुवटीवर तीळ असलेले, भुवई फाटलेले, कपाळाला खोक पडून टाके घातलेले असे सगळे लोक कायम आहेत, आणि जो लहानपणी नीट सांभाळला गेला तो हंगामी आहे.

निरंकराव हंगामी होते. खिडकीशी बसायचं, समोर येईल त्या नागरिकाला "ओळखखूण?" असं विचारायचं आणि तो बाही वर करून, मान वळवून किंवा टोपी काढून जे दाखवेल ते लिहून घ्यायचं, हे त्यांचं काम. मी शेजारच्या टेबलावर फोटो चिकटवतो, त्यामुळे त्यांचं बोलणं मला पाठ आहे. ते तीळ आणि मस यांतला फरक लांबून सांगत. त्यांच्या स्वतःच्या ओळखपत्रावर मात्र त्या रकान्यात 'निरंक' असा शेरा होता आणि त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. घरच्यांनी ठेवलेलं नाव काहीतरी वेगळं होतं, ते आता पगाराच्या दिवशी तेवढं पुकारलं जाई.

हंगामी माणसाला वर्षाच्या शेवटी एक दिवस कामावरून कमी करतात आणि दुसऱ्या दिवशी नवीन माणूस म्हणून परत घेतात. त्या सकाळी फाटकावरचा पहारेकरी निरंकरावांना अडवून, कुणाकडे काम आहे, असं विचारी. आदल्याच आठवड्यात त्यानं त्यांच्या डब्यातलं खाल्लेलं असे, पण नियम म्हणजे नियम. हा प्रश्न निरंकरावांच्या फार जिव्हारी लागे. सासरी गेलं की मेव्हणा हसत हसत, अजून हंगामीच का भाऊजी, असं विचारी, तेही लागे. आणि आता तर वयाची अट आड आली होती. या वर्षअखेरपर्यंत कायम झाले नाहीत, तर पुढच्या वर्षी नवीन माणूस म्हणून घ्यायला ते फार जुने ठरणार होते. म्हणजे नोकरीच संपली.

खूण मिळवायचे प्रयत्न त्यांनी केले नव्हते असं नाही. पण नियमावलीत स्पष्ट म्हटलं आहे की हेतुपुरस्सर करून घेतलेली खूण ग्राह्य धरली जाणार नाही, त्यामुळे सगळी भिस्त अपघातावर होती. एकदा ते गल्लीतल्या कुत्र्यासमोरून मुद्दाम पळाले, तर कुत्रं शेपूट हलवत घरापर्यंत सोबत आलं. न्हाव्याला गप्पांत गुंतवून पाहिलं, पण त्याचा हात स्थिर. लहानपणी देवी, कांजिण्या, पडणं, झडणं यांतलं काहीही आईनं त्यांना होऊ दिलं नव्हतं, आणि ही तक्रार आता आईकडे करणंही शक्य नव्हतं.

मग शरीरानं स्वतःच मनावर घेतलं. निरंकरावांची साखर वाढली, आणि वाढलेल्या साखरेनं त्यांना अशा जागी छळायला सुरुवात केली की जिचा उल्लेख त्यांनी आजवर डॉक्टरांकडेही केला नव्हता. तिथली पुढची कातडी आक्रसली, मागे सरकेना, सारखी आग होऊ लागली. लघवीला जायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. ते चालताना तिरके चालू लागले आणि कार्यालयात सगळ्यांना कंबर भरली आहे असं सांगू लागले. आम्ही कंबरेवरचे जेवढे उपाय आहेत तेवढे सुचवले.

त्यांची बायको शिवणकाम करते. बाजारपेठेच्या मागच्या बाजूला तिचं छोटं दुकान आहे आणि तिचा हात विजारींवर बसलेला आहे. ज्या बाईनं आयुष्यभर पुरुषांच्या विजारींची मापं घेतली, तिला कंबर कुठे संपते ते कळतं. तिनं नवऱ्याला दोन दिवस चालताना पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घालून त्याला दवाखान्यात नेलं.

दवाखान्यातल्या शल्यचिकित्सक म्हणजे वयानं लहान, मोकळ्या आवाजाच्या बाई निघाल्या. त्यांनी तपासलं, हात धुतले आणि जणू चष्म्याचा नंबर सांगावा तशा सुरात सांगितलं की सुंता करावी लागेल. निरंकरावांनी दचकून दाराकडे पाहिलं.

"डॉक्टर, जरा हळू," ते म्हणाले.

"काका, दार बंद आहे. आणि ही गोष्ट तुम्हाला एकट्यालाच दिलेली नाही, जगात निम्म्या लोकांकडे आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कुणाचं हे लहानपणीच झालेलं असतं, कुणाला मोठेपणी करावं लागतं. तुमच्यासारखे माझ्याकडे आठवड्याला येतात. सगळे कंबर भरली म्हणूनच येतात."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. जागा बधिर करतील, आक्रसलेली कातडी काढतील, गोल टाके घालतील, ते टाके आपले आपण विरघळतील. निरंकराव चित्राकडे न बघता ऐकत होते. डॉक्टर व्रणाबद्दल बोलू लागल्या तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली. व्रण राहील का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांना वाटलं, माणूस घाबरला. त्यांनी धीर दिला की सुरुवातीला लाल, जाडसर, वेडावाकडा दिसेल, पाहून घाबरायचं नाही. सूज हळूहळू उतरेल, महिन्यामहिन्यानं रंग फिका होईल, शेवटी दोन बाजूंच्या कातडीचे दोन रंग आणि मध्ये एक बारीक रेघ, एवढंच उरेल.

"पण रेघ राहीलच ना? नक्की?"

"रेघ राहणार, काका. ती जन्मभराची."

निरंकरावांचा चेहरा असा उजळला की बायकोला शंका आली, हा माणूस बधिरीकरणाच्या आधीच बधिर झाला की काय. अपघात नाही, हेतुपुरस्सर नाही, वैद्यकीय सल्ल्यानं झालेला, न पुसणारा व्रण. त्यांनी संमतीपत्रावर अशी सही केली की डॉक्टर म्हणाल्या, इतक्या आनंदानं टेबलावर चढलेला पेशंट मी पहिल्यांदाच पाहते आहे.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. घरी पुढचे दिवस मात्र नवरा निजलेला आणि बायको हुकूम सोडणारी, असे गेले. स्वच्छ पाण्यानं धुवायचं, चोळायचं नाही, मऊ कापडानं टिपून कोरडं करायचं, मलम लावायचं, खपली धरली तर तिला हात लावायचा नाही, सायकल नाही, ओझं नाही, आणि नवराबायकोचं म्हणून जे काही असतं ते डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. ताप आला, पू दिसला किंवा रक्त थांबेना, तर तडक दवाखाना. बायकोनं चष्मा लावून टाक्यांची पाहणी केली आणि शिलाईची जाणकार म्हणून अभिप्राय दिला की टाके समान अंतरावर आहेत, धागाही चांगला आहे, फक्त खालच्या अंगाला थोडी चुणी पडली आहे. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की ती चुणी नाही, सूज आहे, उतरेल. मग बायकोनं नवऱ्यासाठी एक खास विजार शिवली. करड्या सुती कापडाची, पुढे तीन मोठ्या चुण्या, कंबरेला नाडी, कुठेही काचणार नाही अशी. ती घालून निरंकराव कामावर हजर झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी ओळखपत्रात दुरुस्ती मिळावी म्हणून अर्ज केला.

आस्थापनेच्या बाईंकडे अर्ज गेला. बाईंच्या डोळ्यांतून कधी काही सुटत नाही, आणि सुटलं तर त्या ते परत मागवून घेतात. निरंकरावांनी संकोचानं खुणेचं ठिकाण 'शरीराच्या मध्यभागी, पुढील बाजूस' असं लिहिलं होतं. बाईंनी शेरा मारला की बेंबी ही सर्वांना असल्यानं ओळखखूण म्हणून ग्राह्य नाही. निरंकरावांनी 'त्याच्या खाली' असं लिहून दिलं. बाईंनी विचारलं, किती खाली. असं करत करत निरंकराव कागदावर इंचाइंचानं खाली सरकत गेले आणि शेवटी लिहायला दुसरं काही उरलं नाही तेव्हा त्यांनी तो शब्द लिहिला. बाईंनी तो वाचला, चष्मा पुसला, परत वाचला आणि फाईल साहेबांकडे अभिप्रायार्थ सादर केली.

साहेबांसमोर पेच होता. नियमात 'दृश्य खूण' असे शब्द आहेत. ही खूण दृश्य म्हणावी का? साहेबांनी दार लावून बराच विचार केला आणि लिहिलं की जी पाहिली असता दिसते ती दृश्य होय, आणि सदर खूण पाहिली असता दिसणार नाही असं मानण्यास आधार नाही. सबब मान्य. मग वर्णनाचा रकाना भरायचा होता. त्यात व्रणाची सुरुवात कुठे आणि शेवट कुठे, असे दोन प्रश्न असतात. व्रण गोल. सुरुवातही नाही, शेवटही नाही. बाईंनी तीन दिवस फाईल अडवून ठेवली आणि अखेर 'आरंभस्थानीच समाप्त' असं लिहून ती मोकळी केली. पुढे डॉक्टरांच्या दाखल्यावरून 'लालसर, सुजलेला, खालील अंगास उंचवटा' असं वर्णन चढलं आणि निरंकरावांना नवं ओळखपत्र मिळालं. आता वर्षभरातल्या पडताळण्या सुरळीत पार पडल्या की ते कायम. मी त्यांचा फोटो चिकटवला. फोटो अर्थात चेहऱ्याचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकाशी गेले. आमच्याकडे पहारेकऱ्यानं प्रत्येकाच्या ओळखपत्रावरची खूण प्रत्यक्ष पाहून मगच आत सोडायचं असतं. त्यानं आजवर हनुवट्या आणि भुवया पाहिल्या होत्या. त्यानं निरंकरावांचं ओळखपत्र हातात घेतलं, ओठ हलवत वाचलं आणि परत दिलं. घरी सगळं ठीक आहे ना दादा, असं त्यानं खालच्या आवाजात विचारलं. निरंकराव म्हणाले, ठीक आहे, पण तू पाहिल्याशिवाय मला आत जाता येणार नाही. तो म्हणाला, माझी नोकरी गेली तरी चालेल. मागे रांग थांबली होती. बायकांनी आकाशाकडे पाहायला सुरुवात केली.

यावर तोडगा म्हणून प्रशासनानं फाटकाशेजारी लाकडी चौकट उभी करून तिला जाड हिरवा पडदा लावला आणि वर 'पडताळणी कक्ष' अशी पाटी लावली. रोज सकाळी पहारेकरी आणि निरंकराव पडद्यामागे जात. पहारेकरी डोळे गच्च मिटून, पाहिलं, असं ओरडे आणि निरंकराव बाहेर येत. काही दिवस हे सुरळीत चाललं.

खरी अडचण बरं होण्यामुळे उभी राहिली. बायकोच्या हाताला यश होतं. मलम, स्वच्छता, सैल विजार आणि वेळच्या वेळी गोळ्या यांमुळे साखर उतरली, सूज उतरली, खालच्या अंगाचा उंचवटा बसला आणि लालसरपणा जाऊन त्या जागी एक फिकट, सुबक रेघ उरली. डॉक्टरांनी तपासून पाठ थोपटली. मग तिमाही पडताळणीसाठी त्यांनी दाखला लिहून दिला की व्रण उत्तम भरून आला आहे आणि सहज लक्षातही येत नाही. बाईंनी तो दाखला ओळखपत्राशेजारी ठेवून पाहिला. एकीकडे लालसर, सुजलेला, उंचवटा असलेला माणूस होता. दुसरीकडे तसं काहीच नसलेला माणूस होता. हे दोन वेगळे इसम असावेत हे उघड होतं.

निरंकरावांना तत्काळ ज्ञापन मिळालं. कार्यालयाच्या अभिलेखावर आलेली खूण त्यांनी सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय बरी होऊ दिली, हा ओळखीत केलेला फेरफार का समजू नये, याचा खुलासा मागवला होता. शिवाय असंही कळवलं होतं की व्रणाची कोणत्याही प्रकारची काळजी घेणं त्यांनी त्वरित थांबवावं, खूण मूळ स्थितीत आणावी आणि तसा दाखला सादर करावा. तसं न झाल्यास त्यांच्या कायम होण्याचा प्रस्ताव निकाली काढला जाईल. त्यांच्या खणातली मलमाची नळी पंचनामा करून जप्त झाली.

निरंकराव डॉक्टरांकडे गेले आणि थोडी सूज परत आणता येईल का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर आधी हसल्या, मग त्यांनी ज्ञापन वाचलं आणि त्यांचं हसू गेलं. सूज यायची तर जंतुसंसर्ग व्हावा लागतो, आणि साखरेच्या माणसाला तो झाला तर मामला व्रणावर थांबत नाही, असं त्यांनी चांगलं सुनावलं. वर त्यांनी कार्यालयाला पत्र लिहिलं की व्रण जिवंत कातडीवर असतो आणि जिवंत कातडी बदलते. बाईंनी त्यावर शेरा मारला की जिवंतपणाबाबतचं प्रमाणपत्र स्वतंत्रपणे सादर करावं.

त्या संध्याकाळी निरंकराव दुकानात बायकोसमोर बसले होते. त्यांनी तिला सांगितलं की थोडे दिवस मलम बंद करून पाहतो, धुणंही बंद करतो, एकदा कायम झालो की परत सुरू करू. बायकोनं यंत्रावरचा पाय काढला.

"अहो, इतकी वर्षं त्यांनी तुम्हाला हंगामी म्हणून ठेवलं, मी काही बोलले नाही. पण मला नवरा धडधाकट पाहिजे. कायम झालेला आणि कुजलेला नको. आणि टाके एकदा नीट बसले ना, की ते उसवायचे नसतात," ती म्हणाली आणि परत शिवायला लागली.

निरंकरावांना गलबलून आलं. नोकरी जाणार या भीतीनं त्यांना आठ दिवस झोप नव्हती, आणि ती भीती गेली नाहीच, पण निदान दोघांत वाटली गेली. त्यांनी नवी नळी विकत घेतली आणि खुलासा लिहायला बसले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पडद्यामागे रोज एका माणसाला जाताना सगळं कार्यालय पाहत होतं. तो का जातो, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ठाऊक असल्याचं कुणी कुणाला दाखवत नव्हतं. पहिला प्रश्न पहारेकऱ्यानंच विचारला. एका सकाळी त्यानं डोळे मिटल्या मिटल्या विचारलं, दादा, फार दुखतं का? निरंकरावांनी सांगितलं. मग त्यानं बराच वेळ आणखी विचारलं. त्याचीही कंबर गेल्या वर्षापासून भरलेली होती.

पुढे गर्दी वाढली. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी फाटकाशी सहज फेरी मारायला जाई आणि पडद्याआड नाहीसा होई. टंकलेखक गेला, भांडारपाल गेला, जीपचा चालक गेला. निरंकराव प्रत्येकाला शांतपणे सांगत: काय आधी दिसेल, काय नंतर, सूज पाहून घाबरायचं नाही, कोणत्या गोष्टीला घाबरायचं, मलम कसं, आणि मुख्य म्हणजे कंबर म्हणू नका, डॉक्टरांना तो शब्द सरळ सांगा. वीस वीस वर्षं एकमेकांच्या शेजारी बसून ज्यांनी हवापाण्यापलीकडे काही बोललेलं नव्हतं, ते पडद्याआड पाच मिनिटांत मोकळे होत आणि बाहेर आल्यावर परत हवापाण्यावर बोलत. एका दुपारी साहेब स्वतः पाटी बरोबर लागली आहे का ते पाहायला गेले. पाटी पाहायला त्यांना अर्धा तास लागला.

मग एकामागून एक रजा पडू लागल्या. सगळ्यांची कारणं कंबरेची. परतलेला प्रत्येक जण करड्या सुती कापडाच्या, पुढे तीन चुण्यांच्या, नाडीच्या विजारीत परते. निरंकरावांच्या बायकोनं दुकानात मदतीला एक बाई ठेवली.

साहेब रजेवरून परत आले आणि खुर्चीवर हलकेच बसत त्यांनी निरंकरावांचा खुलासा मागवला. आता त्यांना या विषयाची जाण आली होती. व्रणातील बदल नैसर्गिक व अपरिहार्य असून त्याचा कर्मचाऱ्याच्या सचोटीशी संबंध नाही, असं त्यांनी ठणकावून लिहिलं. जप्त मलम सन्मानानं परत करण्यात आलं. ज्ञापन मागे घेतलं गेलं. वर्ष संपायला थोडेच दिवस उरले होते आणि निरंकराव कायम होणार असं सगळे धरून चालले.

पण बाईंनी शेवटची हरकत काढली. ओळखखूण म्हणजे जिच्यामुळे माणूस इतरांपासून वेगळा ओळखू येतो ती. एकाच कार्यालयात तीच खूण अनेकांना असेल, तर तिची बेंबी झाली. निरंकरावांची खूण कार्यालयात अन्य कुणास आहे किंवा कसे, याची खातरजमा झाल्याशिवाय प्रस्ताव पुढे जाऊ शकत नाही. हरकत नियमाला धरून होती. साहेबांनाही ती फेटाळता येईना. फेटाळायची तर कारण द्यावं लागलं असतं.

सर्वसाधारण बैठक बोलावण्यात आली. मोठ्या खोलीत सगळे जमले, पहारेकऱ्यालाही आत बोलावलं गेलं. निरंकराव शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांना पक्कं ठाऊक होतं की इथल्या कितीतरी माणसांना त्यांनी स्वतः डॉक्टरांचा पत्ता दिला आहे. दुसऱ्यांना बरं करता करता त्यांनी आपली नोकरी घालवली होती. मी सांगतो, त्या क्षणी मला त्यांची मनापासून दया आली.

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. पहिल्या रांगेत साहेब करड्या विजारीत, त्यांच्या मागे भांडारपाल करड्या विजारीत, मग टंकलेखक, चालक, आणि दारापाशी वरून गणवेशाचा कोट घातलेला पहारेकरी. निम्म्या खुर्च्यांवर घरून आणलेल्या उशा होत्या. ज्यांचं लहानपणीच झालेलं होतं असेही काही जण बसले होते. त्यांना लाजायचं काही कारण नव्हतं, पण त्यांनी ओळखपत्रावर तीळ लिहिला होता आणि दुसरी खूण का दडवली याचा खुलासा कुणाला द्यायचा नव्हता.

"श्री. निरंक यांच्या ओळखपत्रावर नमूद असलेली खूण या खोलीत आणखी कुणाला आहे?" बाईंनी विचारलं. "असेल त्यानं हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. साहेब छताकडे पाहत होते. भांडारपालाला अचानक चष्मा पुसावासा वाटला. पहारेकऱ्यानं सवयीनं डोळे मिटून घेतले. माझ्याबद्दल विचाराल, तर मी बैठकीचं इतिवृत्त लिहीत होतो, त्यामुळे माझा उजवा हात गुंतलेला होता, आणि डाव्या हातानं कागद धरला होता.

बाईंनी प्रश्न परत विचारला. त्यांनी सावकाश एकेका विजारीकडे पाहिलं, एकेका उशीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग त्या मला म्हणाल्या, लिहा: सदर खूण कार्यालयात अन्य कुणासही नसल्याचं सर्वांच्या उपस्थितीत सिद्ध झालं, सबब ती एकमेव व ग्राह्य आहे. सगळ्यांनी एकमतानं टाळ्या वाजवल्या. त्या वेळी सगळ्यांचे हात मोकळे होते.

निरंकराव वर्ष संपायच्या आत कायम झाले. घरी बायकोनं दुकान लवकर बंद केलं आणि मेव्हण्याला स्वतः फोन करून सांगितलं. वर्षअखेरीचा तो एक दिवस त्यांनी पहिल्यांदाच खिडकीशी बसून काढला. पडदा अजून आहे आणि पाटीही आहे, कारण जेवणाच्या सुट्टीत अजून कुणी ना कुणी फाटकाशी फेरी मारायला जातंच.

त्या खोलीतल्या माणसांना तुम्ही हसलात, ते ठीकच झालं. सगळे शिकलेले, सगळे बरे झालेले, आणि साधा एक हात वर करायची हिंमत एकातही नव्हती. तुम्ही तसे नाही. आता थोड्या वेळानं घरातलं कुणीतरी येईल आणि सहज विचारेल की इतका वेळ काय वाचत होतात, एकटेच हसत होतात ते. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला वाटतं, ओळखपत्र कार्यालयाची कसलीशी गोष्ट होती, असं सांगाल.